प्लॅनरला व्हॅल्यू कधी दिसते? प्रिपेअर्ड स्टेटमेंट नव्याने वापरणाऱ्यांसाठी

ॲप्लिकेशनमध्ये एक क्वेरी रखडते. ती प्रिपेअर्ड स्टेटमेंट आहे, म्हणजे व्हॅल्यूच्या जागी $१ अशी खूण (पॅरामीटर) ठेवून आधी तयार केलेली, व्हॅल्यू मागाहून भरायची. तुम्ही लॉग उघडता, क्वेरी उचलता, $१ च्या जागी खरी व्हॅल्यू टाकता आणि हाताने चालवून बघता. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर हजर. इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) वापरलेला, कुठे काही खोट नाही. ॲप्लिकेशनकडे परत यावं तर तिथे रडगाणं तसंच चालू.

मी या चक्रात पहिल्यांदा सापडलो तेव्हा दोन दिवस नेटवर्कला शिव्या घालत होतो. नेटवर्क बिचारं निर्दोष होतं. $१ च्या जागी व्हॅल्यू टाकली त्या क्षणीच मी वेगळी क्वेरी चालवायला लागलो होतो, हे लक्षात यायला वेळ लागला. डेटाबेसच्या दृष्टीने त्या दोन क्वेऱ्या एक नव्हेत. एकीत प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाला, उत्तर शोधण्याआधीच व्हॅल्यू माहीत असते, दुसरीत कदाचित नसते. पुढचं सगळं त्या ‘कदाचित’बद्दल आहे.

प्रयोगासाठी मी पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतोय, कारण त्यात आतला कारभार उघड्या डोळ्यांनी बघता येतो. आवृत्ती १४ किंवा त्यापुढची असू द्या, १६ असेल तर उत्तम. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगनेच करा. टेबलची आणि कॉलमची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी पोस्टग्रेसची हरकत नसते.

पायरी १ : क्वेरीचा प्रवास समजून घ्या

क्वेरी आली की आधी ती पार्स होते, म्हणजे मजकुराचं एक झाड तयार होतं. मग टेबल, कॉलम खरंच आहेत का, कशाचा टाइप काय, हे तपासलं जातं. व्ह्यू (नाव देऊन ठेवलेली क्वेरी) असेल तर तो उलगडला जातो. त्यानंतर प्लॅनर बसतो आणि कुठला इंडेक्स, कुठल्या क्रमाने जॉइन (टेबलं जोडणं), हे ठरवतो. शेवटी प्रत्यक्ष अंमलबजावणी. खर्चाचा अंदाज काढून प्लॅन निवडायची ही पद्धत आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात घडली. त्यावरचा गाजलेला शोधनिबंध १९७९ चा आहे आणि आजचे बहुतेक प्लॅनर त्याच घराण्यातले.

आता प्रिपेअर ही आज्ञा दिली की यातलं किती काम उरकतं? ‘प्लॅनपर्यंत सगळं’ असं बहुतेकांना वाटतं. पोस्टग्रेसमध्ये तसं नाही. प्रिपेअर केल्यावर पार्स, तपासणी आणि व्ह्यू उलगडणं एवढंच होतं. प्लॅन बनतो एक्झिक्यूटच्या वेळी. म्हणजे व्हॅल्यू हातात आल्यावर. हा फरक नीट धरून ठेवा.

जाता जाता सुरक्षेबद्दल. पॅरामीटरमधून आलेली व्हॅल्यू झाड बनून झाल्यावर येते, त्यामुळे तिच्यात कितीही खोडसाळ मजकूर असला तरी तो क्वेरीची रचना बदलू शकत नाही. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे व्हॅल्यूच्या आडून आज्ञा घुसवणं, थांबतं ते यामुळे. त्याच कारणाने टेबलचं किंवा कॉलमचं नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही. झाड उभं राहण्याआधीच ती नावं लागतात. पुढे जे तोटे सांगणार आहे ते वाचून कोणी व्हॅल्यू स्ट्रिंगमध्ये चिकटवायला परत गेलं तर तो रोगापेक्षा भयंकर इलाज ठरेल.

पायरी २ : वाकडा डेटा तयार करा

सगळ्या व्हॅल्यू सारख्या प्रमाणात असतील तर या विषयात काही गंमतच नाही. म्हणून मुद्दाम एकीकडे झुकलेलं टेबल घेऊ. ‘कामं’ नावाचं टेबल, त्यात ‘आयडी’ आणि ‘स्थिती’ असे दोन कॉलम. जनरेट_सिरीज (ओळीने आकडे देणारं फंक्शन) वापरून १० लाख ओळी भरा. आयडीला १००० ने भागून बाकी ० उरली तर स्थिती ‘बाकी’, १ उरली तर ‘फसलं’, नाहीतर ‘झालं’. हिशेब असा होतो : ‘झालं’ ९,९८,०००, ‘बाकी’ १,००० आणि ‘फसलं’ १,०००.

कामांच्या रांगा ठेवणाऱ्या कुठल्याही टेबलचं चित्र थोड्याफार फरकाने असंच असतं. आणि अशा टेबलवर अनुभवी माणूस अर्धवट इंडेक्स टाकतो, म्हणजे फक्त ‘बाकी’ ओळींपुरता :

क्रिएट इंडेक्स ऑन कामं (आयडी) व्हेअर स्थिती = ‘बाकी’;

इंडेक्स इवलासा राहतो, कारण १० लाखांपैकी फक्त १,००० ओळी त्यात असतात. यानंतर व्हॅक्यूम ॲनलाइझ चालवायला विसरू नका. ते केल्याशिवाय प्लॅनरकडे आकडेवारीच नसते आणि मग पुढचं काहीच जुळणार नाही.

पायरी ३ : पाच वेळा बघा, सहाव्यांदा जपून बघा

आता स्टेटमेंट तयार करा :

प्रिपेअर यादी (टेक्स्ट) ॲज सिलेक्ट आयडी फ्रॉम कामं व्हेअर स्थिती = $१;

आणि त्यावर ही आज्ञा द्या (एक्सप्लेन म्हणजे निवडलेला प्लॅन दाखव) :

एक्सप्लेन एक्झिक्यूट यादी (‘झालं’);

सिक्वेन्शियल स्कॅन दिसेल, म्हणजे टेबल वरपासून खालपर्यंत वाचणं. ९९.८ टक्के ओळी हव्या असतील तर तेच शहाणपणाचं आहे. फिल्टरची ओळ वाचा. तिथे ‘झालं’ ही व्हॅल्यू स्पष्ट लिहिलेली असेल. प्लॅनरने व्हॅल्यू बघून खास तिच्यासाठी प्लॅन बनवला, याला कस्टम प्लॅन म्हणतात.

हीच आज्ञा एकूण पाच वेळा द्या. नुसतं एक्सप्लेन असलं तरी ते मोजणीत धरलं जातं. मग सहाव्या वेळी व्हॅल्यू बदला :

एक्सप्लेन एक्झिक्यूट यादी (‘बाकी’);

फक्त १,००० ओळी हव्यात, त्यांच्यासाठी खास इंडेक्स तयार आहे, आणि तरीही समोर येतो सिक्वेन्शियल स्कॅन. फिल्टरमध्ये आता ‘बाकी’ नाही, $१ आहे. ओळींचा अंदाज साधारण ३,३३,३३३. हा जेनेरिक प्लॅन, व्हॅल्यू न बघता बनवलेला. सुरुवातीच्या रडगाण्याचं मूळ हे.

३,३३,३३३ कुठून आले? प्लॅनरला एवढंच ठाऊक की स्थिती कॉलममध्ये तीन वेगवेगळ्या व्हॅल्यू आहेत. कुठली येणार ते माहीत नाही, म्हणून त्याने १० लाखांना तीनने भागलं. हा आकडा ‘झालं’साठी चूक, ‘बाकी’साठी चूक, ‘फसलं’साठीही चूक. कोणालाच लागू न पडणारी सरासरी.

आणि इंडेक्स का सुटला? अर्धवट इंडेक्स वापरायचा तर क्वेरीची अट इंडेक्सच्या अटीत बसते हे प्लॅन बनवतानाच सिद्ध व्हावं लागतं. $१ मध्ये ‘बाकी’च येईल याची हमी कोण देणार? उद्या ‘झालं’ आलं तर त्या इंडेक्समधून उत्तर चुकीचं येईल. त्यामुळे प्लॅनर त्या इंडेक्सकडे बघतही नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

पायरी ४ : निवड कशी होते ते समजून घ्या

इथे जरा थांबू, कारण बहुतेक जण ‘पाच वेळा कस्टम, मग जेनेरिक’ एवढंच पाठ करून पुढे जातात. ते अर्धंच खरं आहे.

पहिल्या पाच वेळा कस्टम प्लॅन बनतोच. प्रत्येकाचा अंदाजे खर्च लिहून ठेवला जातो आणि त्यात प्लॅन बनवण्याच्या श्रमाची थोडी भर घातली जाते. डीफॉल्ट सेटिंगवर एका टेबलच्या साध्या क्वेरीला ही भर ५ एकक असते, टेबलं वाढली की वाढते. सहाव्या वेळी जेनेरिक प्लॅन बनवून त्याचा खर्च काढतात आणि कस्टमच्या सरासरीशी ताडून बघतात. जेनेरिक कमी भरला तर तो घ्यायचा, नाहीतर कस्टमच चालू ठेवायचा. २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून कारभार असा आहे. त्याआधी प्रिपेअर केलेल्या स्टेटमेंटला सरळ जेनेरिक प्लॅनच मिळायचा.

आपल्या प्रयोगात पाचही वेळा ‘झालं’ होतं. सिक्वेन्शियल स्कॅनचा खर्च व्हॅल्यू कुठलीही असो तेवढाच, कारण टेबल तर सगळंच वाचायचं. म्हणजे दोन्ही बाजूंना तोच आकडा, कस्टमच्या बाजूला वर ५. जेनेरिक ५ एककांनी जिंकला. आणि त्या ५ एककांपायी ‘बाकी’ मागणाऱ्याच्या नशिबी पूर्ण टेबल आलं.

आता उलट करून बघा. डीअलोकेट यादी म्हणून स्टेटमेंट टाकून द्या, नव्याने प्रिपेअर करा, आणि या वेळी पहिली पाच एक्झिक्यूट ‘बाकी’ची करा. कस्टमची सरासरी इतकी कमी येते की जेनेरिकला तिच्या जवळपासही फिरकता येत नाही. सहाव्यांदा, सातव्यांदा, पन्नासाव्यांदाही कस्टमच. त्यानंतर नुसतं ‘झालं’ मागत राहिलात तर सरासरी हळूहळू चढते, पण पारडं फिरायला दहा हजारांहून जास्त फेऱ्या लागतील. उलट जेनेरिक एकदा जिंकला की पुढे कस्टम बनतच नाही, त्यामुळे सरासरी जिथल्या तिथे गोठते. तेव्हा एकच क्वेरी, एकच टेबल, दोन कनेक्शन, आणि दोघांचं नशीब पहिल्या पाचांनी ठरवलेलं. ‘कधी फास्ट, कधी स्लो’ अशी तक्रार आली की मला आधी हेच आठवतं.

या तुलनेत आणखी एक मेख आहे, ती मला फार उशिरा उमगली. आपल्या साध्या क्वेरीत ती दिसत नाही, पण जॉइन, सॉर्ट अशा ओळींच्या संख्येवर खर्च ठरणाऱ्या क्वेरीत दिसते. कस्टम प्लॅनला खरं माहीत असतं, म्हणून तो ‘बाबा रे, ९,९८,००० ओळी येणार’ असं प्रामाणिकपणे सांगून मोठा आकडा लावतो. जेनेरिकला काहीच माहीत नसतं, म्हणून तो ३,३३,३३३ धरून लहान आकडा लावतो. दोन्ही आकडे एकाच तराजूत टाकले जातात. अडाण्याचा अंदाज स्वस्त दिसतो तो बऱ्याचदा अडाणीपणामुळेच. तुलना अंदाजांची होते, घड्याळातल्या वेळेची नव्हे. जेनेरिक निवडल्यावर क्वेरी शंभरपट मंदावली तरी पोस्टग्रेस मागे वळून बघत नाही.

पायरी ५ : प्लॅनर कुठे आंधळा होतो ते ओळखा

बरोबरीच्या अटीला निदान वेगळ्या व्हॅल्यूंच्या संख्येचा आधार असतो. इतर ठिकाणी तोही नाही. ‘तारीख > $१’ अशी अट आली की जेनेरिक प्लॅन एक तृतीयांश ओळी धरतो, मग तुम्ही गेल्या पाच मिनिटांतल्या ओळी मागा नाहीतर गेल्या दहा वर्षांतल्या. बिटविनमध्ये दोन्ही टोकं पॅरामीटर असतील तर ०.५ टक्का. लिमिटची संख्याच पॅरामीटर असेल तर एकूण निकालाचा दहावा भाग हवा असं समजतो. पहिल्या पानावरच्या वीस ओळी मागणाऱ्या क्वेरीला हे भलतंच महागात पडू शकतं. लाइकचा नमुना पॅरामीटरमधून आला तर सुरुवातीची अक्षरं धरून इंडेक्स वापरायची युक्ती जेनेरिक प्लॅनमध्ये चालत नाही, कारण नमुना टक्केचिन्हाने सुरू होतो की अक्षराने हे त्याला कुठे ठाऊक?

माझ्या मते यात सगळ्यात खोडकर आहे ती ऐच्छिक गाळणी. शोधाच्या फॉर्मसाठी लोक लिहितात : व्हेअर ($१ इज नल ऑर स्थिती = $१). लिहिताना फार चलाखी केल्यासारखं वाटतं. कस्टम प्लॅनमध्ये ती चालून जाते, कारण व्हॅल्यू दिसल्यामुळे अटीचा निरुपयोगी भाग आधीच छाटला जातो. जेनेरिकमध्ये दोन्ही शक्यता जिवंत ठेवाव्या लागतात, आणि ऑरमुळे इंडेक्स हातचा जातो. अशा चार-पाच गाळण्या एकाच क्वेरीत कोंबण्यापेक्षा, भरलेल्या रकान्यांपुरतीच अट जोडून क्वेरी बांधावी. व्हॅल्यू अर्थातच पॅरामीटरमधून.

टाइपकडेही लक्ष द्या. कॉलम बिगइंट (मोठा पूर्णांक) आणि ड्रायव्हरने (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीने) पॅरामीटर न्यूमेरिक (दशांश संख्या) म्हणून पाठवला, तर तुलनेसाठी कॉलमच न्यूमेरिकमध्ये बदलला जातो आणि साधा इंडेक्स निकामी होतो. याचा कस्टम-जेनेरिकशी काही संबंध नाही, पण लक्षणं तीच असल्याने लोक गल्लत करतात. फिल्टरच्या ओळीत कॉलमच्या नावापुढे टाइप बदलल्याची खूण दिसली की समजायचं.

पायरी ६ : चालू सिस्टिममध्ये पुरावा गोळा करा

संशय आला म्हणून लगेच सेटिंग बदलू नका. पीजी_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स हा व्ह्यू बघा. त्यात आवृत्ती १४ पासून जेनेरिक_प्लॅन्स आणि कस्टम_प्लॅन्स असे दोन कॉलम आहेत. कुठल्या स्टेटमेंटला कितीदा कोणता प्लॅन मिळाला ते तिथे कळतं. अडचण एवढीच की हा व्ह्यू फक्त तुमच्या स्वतःच्या सेशनपुरता बोलतो. ॲप्लिकेशनच्या कनेक्शनमध्ये काय शिजतंय ते दुसऱ्या खिडकीतून दिसत नाही. त्यासाठी ऑटो_एक्सप्लेन चालू करा आणि ठरावीक वेळेहून जास्त रेंगाळणाऱ्या क्वेऱ्यांचे प्लॅन लॉगमध्ये पडू द्या. प्लॅनच्या अटींमध्ये खरी व्हॅल्यू दिसली तर कस्टम, $१ दिसलं तर जेनेरिक. इतकी सोपी ओळख दुसरी नाही.

आवृत्ती १६ मध्ये एक्सप्लेनला जेनेरिक_प्लॅन हा पर्याय मिळाला. $१ असलेली क्वेरी लॉगमधून जशीच्या तशी उचलायची आणि व्हॅल्यू न देता जेनेरिक प्लॅन बघायचा. ॲनलाइझ सोबत देता येत नाही, कारण व्हॅल्यूशिवाय क्वेरी चालवणार काय? त्याहून जुन्या आवृत्तीत, पण १२ पासून पुढे, प्लॅन_कॅश_मोड हे सेटिंग फोर्स_जेनेरिक_प्लॅनवर ठेवून एक्सप्लेन एक्झिक्यूट केलं तरी तेच दिसतं. मी तर नवीन क्वेरी लिहिली की दोन्ही प्लॅन एकदा शेजारी ठेवून बघतोच. सारखे निघाले तर निर्धास्त.

पायरी ७ : इलाज

पहिला इलाज फुकटचा आहे. ज्या व्हॅल्यू तुमच्या कोडमध्येच ठरलेल्या आहेत त्यांना पॅरामीटर करू नका. रांगेतून काम उचलणारी क्वेरी कायम ‘बाकी’च मागणार असेल तर व्हेअर स्थिती = ‘बाकी’ असं सरळ लिहा. ती व्हॅल्यू बाहेरून आलेली नाही, त्यामुळे सुरक्षेचा प्रश्न उद्भवत नाही, आणि प्लॅन जेनेरिक असला तरी अर्धवट इंडेक्स वापरता येतो. ‘सगळंच पॅरामीटर करायचं’ हा नियम काही ठिकाणी पोथीसारखा पाळला जातो. तो बाहेरून येणाऱ्या व्हॅल्यूंसाठी आहे.

ते शक्य नसेल तर प्लॅन_कॅश_मोड. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत आलं. डीफॉल्ट ऑटो असतं. फोर्स_कस्टम_प्लॅन केलं की प्रत्येक वेळी व्हॅल्यू बघून प्लॅन बनतो. सगळ्या सर्व्हरला हे लावण्याचा मोह होतो, पण दिवसभर लाखो वेळा आयडीवरून एक ओळ उचलणाऱ्या क्वेरीला दरवेळी नवा प्लॅन म्हणजे निव्वळ उधळपट्टी. तिला जेनेरिकच शोभतो. त्यामुळे अहवाल काढणाऱ्या युजरपुरतं किंवा एखाद्या ट्रान्झॅक्शनपुरतं सेट लोकल वापरून लावावं. एखादं फंक्शन सतावत असेल तर त्या फंक्शनलाच ते सेटिंग जोडता येतं. पीएल-पीजीएसक्यूएल (पोस्टग्रेसची फंक्शन लिहायची भाषा) फंक्शनच्या आतल्या क्वेऱ्याही याच पाच-सहाच्या नियमाने चालतात, हे अनेकांच्या गावीही नसतं.

पायरी ८ : ड्रायव्हर आणि पूल काय करतात ते वाचून घ्या

तुम्ही कोडमध्ये प्रिपेअर लिहिलं म्हणजे सर्व्हरवर प्रिपेअर झालंच असं नाही. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी (जावासाठीच्या) ड्रायव्हरमध्ये प्रिपेअर_थ्रेशोल्ड डीफॉल्ट ५ असतो. तेच स्टेटमेंट पाचव्यांदा चालवताना तो सर्व्हरवर नावाने प्रिपेअर करतो. तिथून सर्व्हरची पाच वेळांची मोजणी सुरू. त्यामुळे जावाच्या ॲप्लिकेशनमध्ये ‘नऊ वेळा छान, दहाव्यांदा ठप्प’ असा विचित्र अनुभव येतो. छोट्या टेस्टमध्ये क्वेरी तीनदा चालवून हिरवा कंदील दाखवणाऱ्यांना तो दिसणार कसा? टेस्टमध्ये एकाच कनेक्शनवर निदान पंधरा वेळा तरी चालवा.

पोस्टग्रेसमध्ये स्टेटमेंट आणि त्याचा प्लॅन त्या सेशनच्या मालकीचा असतो, कनेक्शन तुटलं की दोन्ही गेले. म्हणून ‘रीस्टार्ट केलं की बरं वाटतं’ ही जादू. पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा पूल) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल, म्हणजे दर ट्रान्झॅक्शनला वेगळं कनेक्शन मिळू शकत असेल, तर प्रिपेअर एका कनेक्शनवर आणि एक्झिक्यूट दुसऱ्यावर जाऊन ‘असं स्टेटमेंटच नाही’ अशी एरर यायची. २०२३ च्या १.२१ आवृत्तीपासून तो प्रोटोकॉलमधून आलेली प्रिपेअर्ड स्टेटमेंट सांभाळू शकतो, त्यासाठी मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स हे सेटिंग शून्याहून मोठं हवं.

दुसरा डेटाबेस वापरत असाल तर पोस्टग्रेसचे नियम तिकडे नेऊ नका, प्रश्न तेवढा न्या : व्हॅल्यू प्लॅनरला कधी दिसते? मायएसक्यूएलमध्ये प्रिपेअरमुळे मुख्यतः पार्सिंग वाचतं, प्लॅन दर एक्झिक्यूटला नव्याने ठरतो. एसक्यूएल सर्व्हर पहिल्यांदा आलेली व्हॅल्यू हुंगून प्लॅन बनवतो आणि तो सगळ्या सेशनना वाटतो. पहिला पाहुणा विचित्र असला तर सगळ्यांच्या पानात तेच. तिथे क्वेरीच्या शेवटी ऑप्शन रीकंपाइल लिहून त्या क्वेरीपुरतं हे टाळता येतं, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून काही क्वेऱ्यांसाठी एकाहून अधिक प्लॅन ठेवायची सोय झाली. ओरॅकलने ९-आयमध्ये पहिली व्हॅल्यू डोकावून बघायला सुरुवात केली आणि ११-जीमध्ये, चुकतंय असं दिसलं तर वेगळा प्लॅन बनवण्याची तजवीज केली. म्हणजे प्रत्यक्ष किती ओळी आल्या त्यावरून ओरॅकल शिकतो, पोस्टग्रेस अजून अंदाजांच्याच तुलनेवर आहे.